आमच्या पार्टीचा ढोलकीवाला

वडील गेल्यावर त्यांची पेटी माझ्याकडे आली आणि पेटीबरोबर त्यांची गायन पार्टीही. पार्टी कसली, चार माणसं. पेटीवर मी, झांज आणि कोरसला माझ्या मोठ्या जाऊबाई, मुख्य गायक म्हणून वडिलांच्या वेळेपासूनचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळा वॉर्ड सर म्हणायचा, आणि चौथा ढोलकीवाला. पहिले तीन आम्ही कायमचे होतो. चौथा मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा.

मी यवतमाळला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. दिवसभर आवक-जावक, संध्याकाळी स्वयंपाक, आणि रविवारी सरांच्या घरी तालीम. जयंतीला आम्ही प्रबोधनाची गाणी म्हणायचो, पावसाळ्यात विहारात वर्षावासाच्या कार्यक्रमांना जायचो, पण सगळ्यात जास्त बोलावणी यायची ती पुण्यानुमोदनाची. कोणाच्या घरचं माणूस गेलं की भन्तेंची वंदना होते, चार लोक बोलतात, आणि मग जेवणाआधी दोन-तीन गाणी. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत हा वडिलांचा नियम आम्ही पाळला. गाडीभाडं कोणी दिलं तर घेतलं, नाही दिलं तर नाही.

ढोलकी नसली की काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. पेटी वाजते, गळा गातो, पण गाणं उभं राहत नाही. ओल्या धोतरासारखं लोंबत राहतं.

आमचा पहिला ढोलकीवाला वायरमन होता. फोन केला की म्हणायचा, "निघालोच ताई, लोहाऱ्याच्या चौकात आहे." मागून कुकरची शिटी ऐकू यायची. दुसरा कॉलेजातला. हात इतका गोड की जाऊबाई झांज विसरून त्याच्याकडे पाहत राहायच्या. एका रविवारी तो आला नाही, पुढच्याही आला नाही, आणि मग त्याच्या आईकडून कळलं की पोरगा पुण्याला कंपनीत लागला, पंधरा दिवस झाले. तिसरा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. एप्रिलमध्ये जयंती आणि एप्रिलमध्येच लग्नं. त्यानं दोन्हीकडे हो म्हणून ठेवलेलं असायचं, आणि आम्हाला ते स्टेजवर बसल्यावर कळायचं.

चौथे होते मोटरवाले भाऊ. शेतातल्या विहिरीवरच्या मोटरी जळल्या की त्यांची तार काढून नवी भरायची, ते वाइंडिंगचं काम त्यांचं. आर्णी रोडला पत्र्याचं दुकान. एकदा विहारात आम्ही असेच ढोलकीशिवाय बसलो होतो, तर समोरच्या लोकांतून एक सावळा, किडकिडीत माणूस उठला, विहाराच्या कपाटातली धूळ बसलेली ढोलकी काढली, चामड्यावरची शाई बोटानं तपासली आणि सरांच्या बाजूला येऊन बसला. कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्याच गाण्याला सरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या पाहण्यात सगळं आलं.

सरांना दम्याचा त्रास होता. अंतरा लांबला की त्यांचा श्वास पुरायचा नाही. भाऊ नेमके तिथे दोन आवर्तनं जास्तीची घ्यायचे, काहीतरी बोल रंगवून वाजवायचे, आणि मग सर पुढची ओळ उचलायचे. मला वाटायचं, हा माणूस स्वतःचा हात दाखवतो. एकदा मी म्हटलंही, "भाऊ, गाण्यात गाणं असू द्या, ढोलकी थोडी कमी." ते हसले. "बरं ताई," म्हणाले. आणि पुढच्या वेळी तसंच वाजवलं.

पण वेळेच्या बाबतीत तेही बाकीच्यांसारखेच निघाले. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बरं चालायचं. थंडी पडली, गव्हाला-हरभऱ्याला पाणी सुरू झालं, की लाइन कमीजास्त होऊन मोटरी जळायच्या, आणि भाऊ गायब. फोन उचलायचेच नाहीत. उचलला तर, "येतोच ताई, मोटर देतो अन् निघतो." त्यांचं 'निघतो' म्हणजे दोन तास.

कळंबजवळच्या एका गावात आम्ही त्यांच्यासाठी दीड तास थांबलो. गेलेल्या म्हाताऱ्याचा मुलगा दोनदा येऊन विचारून गेला. शेवटी भाषणं सुरू झाली, ती संपेपर्यंत पंगतीची वेळ झाली, आणि आम्ही न गाता जेवून परत आलो. परतताना गाडीत मीच बोलत होते. मी म्हटलं, "पुरे आता. माणसाच्या भरवशावर राहायचं नाही."

माझी मुलगी सुटीत आली तेव्हा तिनं माझ्या फोनवर तालाचं ॲप घालून दिलं. केरवा, दादरा, हवा तो ताल, हवी ती लय. छोटा स्पीकर जोडला की विहारभर ऐकू येतं. तीन-चार कार्यक्रम आम्ही त्यावर केले. वेळेवर सुरू, वेळेवर बंद. मला फार हलकं वाटलं. भाऊंना मी काही कळवलं नाही. फोन करणं थांबवलं, एवढंच. सर एकदा पुटपुटले, "मशीन दमत नाही, बाई." मी त्याचा अर्थ लावत बसले नाही.

त्याच थंडीत सरांच्या पत्नी गेल्या. सकाळी पोळ्या करता करता बसल्या, त्या उठल्याच नाहीत. दर रविवारी तालमीला त्या स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून ऐकायच्या. आमच्याशी फारसं बोलायच्या नाहीत. सर खोकायला लागले की तेवढ्या म्हणायच्या, "हळू म्हणा न जी, कोणी पळून नाही राह्यलं."

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावून सांगितलं, "उद्या एक गाणं मी म्हणतो. तिच्या आवडीचं." मी म्हटलं, "सर, तुम्हाला जमेल का?" ते म्हणाले, "इतक्या लोकांच्या घरी जाऊन म्हटलं. माझ्या घरी नाही म्हणू?"

ढोलकीचं त्यांनी विचारलं नाही. मीही काढलं नाही. मनात आलं होतं भाऊंना फोन करावा, नाही असं नाही. पण मग तेच, येतोच ताई, निघतोच ताई. आजच्या दिवशी तरी वाट पाहणं नको, असं मी स्वतःला सांगितलं.

घरासमोर मांडव टाकला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, फोटोला हार, पुढे मेणबत्त्या. वंदना झाली, भन्ते बोलले, सरांच्या शाळेतले दोन जुने सहकारी बोलले. मग मी फोनवर केरवा लावला, लय सरांना विचारून संथ केली, आणि पेटीवर सूर धरला.

मुखडा सरांनी नीट म्हटला. पहिल्या अंतऱ्यात त्यांचा श्वास तुटला. तो दम्यानं तुटला की रडण्यानं, ते मला बाजूला बसूनही कळलं नाही. ते थांबले. ताल थांबला नाही. धा गे ना ती, तसाच, जराही इकडेतिकडे नाही. सरांनी पुढची ओळ पकडायला तोंड उघडलं, तोवर ती पुढे निघून गेली होती. पुन्हा पकडायला गेले, पुन्हा हुकली. एखादा म्हातारा माणूस रस्ता ओलांडायला पाऊल टाकतो आणि गाड्या थांबतच नाहीत, तसं. जाऊबाईंनी कोरस उचलायचा प्रयत्न केला, त्यांचाही आवाज फुटला. समोर बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. एका कोपऱ्यात कोणीतरी "बंद करा ते" असं हळूच म्हणालं.

मी घाईघाईनं फोन बंद करायला गेले, तर माझ्या बोटानं आवाज वाढला. मग बंद झाला. मान वर केली तेव्हा मला मांडवाच्या मागच्या बाजूला, खांबाजवळ, मोटरवाले भाऊ बसलेले दिसले. पांढरा शर्ट, मांडी घातलेली, दोन्ही हात मांडीवर उताणे. ते माझ्याकडे नव्हते पाहत. सरांकडे पाहत होते.

मी त्यांना हाक मारू शकले असते. इतकी माणसं होती, पण वाट करून दिली असती सगळ्यांनी. मी मारली नाही. लाज वाटली म्हणा, दुसरं काय. पेटीवर मी एकटीनंच गाण्याचा उरलेला भाग वाजवला, नुसते सूर, आणि सर मान खाली घालून ऐकत राहिले.

जेवणं सुरू झाल्यावर मी बाहेर चपला काढल्या होत्या तिथे गेले. भिंतीला टेकून खाकी गवसणीतली ढोलकी उभी होती. भाऊ बाजूला हात धूत होते.

"तुम्ही केव्हा आले?" मी विचारलं.

"अकरा वाजता."

कार्यक्रम बाराचा होता. मी स्पीकर लावून बघत होते तेव्हा ते दारात पोचले असणार, आणि आवाज ऐकून ढोलकी तिथेच ठेवली असणार.

"ताई, मले सांगतलं काहून नाही?"

मला राग आला. आपली चूक असली की राग जास्त येतो. मी म्हटलं, "सांगितलं असतं तर आले असते का तुम्ही? नक्की?"

त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "नक्की सांगता नसतं आलं." शर्टाला हात पुसले आणि म्हणाले, "पण आज आलतो न मी."

ढोलकी उचलली आणि सायकलला बांधून गेले. जेवले नाहीत.

पंधरा दिवस मी त्यावर विचार केला. मग एका शनिवारी ऑफिसातून परस्पर त्यांच्या दुकानात गेले. आत वार्निशचा वास. एक शेतकरी बाकावर बसलेला, समोर उघडलेली मोटर. भाऊ तांब्याच्या तारेचे वेढे भरत होते आणि ओठातल्या ओठात मोजत होते. मोजता मोजता बोलता येत नाही म्हणून मी उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. कॉईल संपल्यावर त्यांनी स्टूल पुढे केलं.

मी म्हटलं, "माझं चुकलं. सरांच्या घरी तरी कळवायला पाहिजे होतं."

"जाऊ द्या न."

"जाऊ द्या नाही. मला एक सांगा भाऊ, जमत नाही तर हो कायले म्हणता? नाही म्हणा. मी दुसरं बघेन."

त्यांनी त्या शेतकऱ्याकडे पाहिलं. "हे सकाळपासून बसून राह्यले. गहू ओंबीवर आहे त्यायचा. त्यायले कसं म्हणू, मी गाण्याले जातो?" मग खाली पाहत म्हणाले, "अन् तुम्हाले नाही म्हणलं तं तुम्ही बोलावनंच बंद कराल. म्हणून हो म्हणतो."

इतकी वर्षं मी ढोलकीवाल्यांना शिव्या घातल्या, पण त्यांच्या 'हो'मध्ये असं काही असू शकतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शेतकरी म्हणाला, "कोणतं गाणं म्हणता जी तुम्ही?" आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे पाहतच राहिलो.

मीच मग म्हटलं, "तालीम इथे केली तर? रविवारी आम्हीच येतो."

"इथं? बसाले जागा कुठं आहे?"

जागा नव्हतीच. तरी आम्ही गेलो. जाऊबाईंनी सतरंजी नेली, मोटरी भिंतीकडे सरकवल्या, सरांना एकुलती खुर्ची दिली. गिऱ्हाईक आलं की भाऊ उठायचे, काम बघायचे, परत येऊन बसायचे. सर दोन-तीन रविवार नुसते ऐकायला आले. चौथ्या रविवारी गायले. अंतऱ्यात श्वास तुटला, आणि भाऊंनी मान न उचलता ताल धरून ठेवला, एक आवर्तन, दोन, तीन, सर हातानं सांगेपर्यंत. तेव्हा मला कळलं की मी ज्याला हात दाखवणं म्हणत होते ते काय होतं. कळायला फार उशीर झाला होता, पण भाऊंना मी ते बोलून दाखवलं. ते म्हणाले, "सरायच्या घरच्या वैनीच मले एकदा बोलल्या होत्या, त्यायले थोडं थांबत जा म्हणून."

पत्नीच्या आवडीचं ते गाणं सरांनी पुन्हा कधी काढलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. फोन येतो. आवाज बारीक झालाय.

कार्यक्रमाचं कोणी विचारायला आलं की आता मी आधीच सांगते, ढोलकी असेल किंवा नसेल. काही लोक ऐकून दुसऱ्या पार्टीकडे जातात. भाऊ कधी येतात, कधी येत नाहीत. थंडीत मी त्यांना गळ घालत नाही. ॲप फोनमध्ये अजून आहे, आणि खोटं कशाला बोलू, गरज पडली तर लावते.

आता शोध गायकाचा चाललाय. लोहाऱ्याकडच्या एका अंगणवाडीताईंचा आवाज चांगला आहे असं कोणीतरी सांगितलं. त्यांना मागच्या रविवारी दुपारी तीनला दुकानात बोलावलं होतं. तीन वाजले, साडेतीन वाजले. जाऊबाई म्हणाल्या, "घ्या, हेही तसंच." पावणेचारला त्या आल्या, घामानं भिजलेल्या, कडेवर नातू. सुनेला ताप आहे म्हणाल्या. भाऊंनी नातवाच्या हातात तारेचं एक रिकामं रीळ दिलं. मी त्यांना पट्टी विचारली, तर त्यांना पट्टी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. "तुम्ही आधी पाणी प्या," मी म्हटलं, "आणि मग नुसतं गुणगुणा." त्या गुणगुणायला लागल्या, आणि मी पेटीवर एकेक स्वर दाबत त्यांचा आवाज कुठे बसतो ते शोधू लागले.