हँडलखालचं भस्म

ती दुपार मी विसरलेलो नाही. तारीख स्टेशन डायरीत असेल, वार रविवार. बंदोबस्ताला हजर: मी, दोन अंमलदार, एक होमगार्ड. शर्यतीच्या बाजूने: आयोजक, बारा स्वार आणि गाड्या तपासणारा पालमचा म्हातारा मिस्त्री.

पूर्णेजवळ वाहतुकीला न उघडलेल्या सरळ रस्त्यावर हौशी मोटारसायकल शर्यत होती. परवानगीची अट स्पष्ट होती: ब्रेक, चेन, ॲक्सिलरेटरची वायर तपासून चिठ्ठी चिकटवल्याशिवाय गाडी रेषेवर येणार नाही.

तिसऱ्या फेरीत एक लाल गाडी थांबलीच नाही. वायर अडकली होती. स्वार बेशुद्ध, नंबराच्या पाटीवर तपासणीची चिठ्ठी. गाडीमालक दुकानदार ठाण्यात ओरडला, "मिस्त्रीनं पास केली, त्यालाच आत घाला!"

मिस्त्रीला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं. त्याच्यासाठी कुणी आलं नाही, डबाही नाही. सकाळी मी चहा दिला.

"वायर बघितली होती?"

"बघितल्याबिगर मी भस्म लावत न्हाई, साहेब."

"कसलं भस्म?"

"पास गाडीला हँडलखाली तीन बोटं. महादेवाच्या भरवशावर सोडतो, पण आधी पाना फिरवतो."

मी अंगणात ठेवलेली अपघाताची गाडी पाहिली. हँडलखाली नुसतं ऑइल आणि धूळ.

रस्त्याकडेच्या चहावाल्या मावशींना गाठलं. त्या म्हणाल्या, "तसलीच दुसरी लाल गाडी त्या दुकानदारानं टेम्पोत चढवली की! तुमी समदे जखमीकडं पळाले तवा."

दुकानदाराच्या गोदामात ताडपत्रीखाली ती सापडली. पाटी नव्हती, हँडलखाली भस्माच्या तीन रेघा होत्या. पंचनामा समोर ठेवल्यावर दुकानदार बोलला: तपासणीला धड गाडी, शर्यतीला जोराची, पाटी चिठ्ठीसकट बदलली.

मिस्त्रीने स्वतःची चूक जबाबात लिहायला लावली. "रंग खराब होतो म्हनले, म्हनून चिठ्ठी पाटीवर लावली. टाकीवर लावायची व्हती."

निघताना तो दारात थांबला. "गल्लीत समदे मलाच बोलायलेत, साहेब. एकदा येऊन चार मान्सांत सांगा."

"येतो," म्हणालो.

दोषारोपपत्र गेलं, माझी बदली झाली, मग निवृत्ती. कागदावर माणूस सुटतो. गल्लीत त्याला कुणीतरी जाऊन सोडवावं लागतं, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. शिकून मी काय केलं, तो प्रश्न वेगळा.

आता परभणीत एकटाच राहतो. रोज सकाळी यादी करतो: दूध, गोळ्या, बँक. संध्याकाळपर्यंत या तिन्हींवर खूण होते. त्यांच्याही वरची पहिली ओळ तेवढी दुसऱ्या दिवशीच्या कागदावर उतरवून घेतो: पालम, मिस्त्री.