ओसरीवरचं हाड

मंडळींनो, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

मी हाडं बसवते. आज पेशव्यांच्या दफ्तरातल्या एका कारकुनांच्या मातोश्री नदीच्या घाटावर घसरून पडल्या. मी पोचले तेव्हा त्यांना ओसरीवर निजवलं होतं आणि तालमीतले वस्ताद पाय ओढायच्या बेतात होते. म्हणे, खुबा निखळलाय!

पाय आखूड झालेला, पाऊल बाहेर कलंडलेलं. मी म्हटलं, "ओढू नका. खुबा निखळला की पाऊल बहुधा आत वळतं. इथे हाड मोडलंय."

कोणी ऐकेना. मग पिशवीतून बोकडाच्या मांडीचं हाड काढलं. वरचा गोळा कमरेच्या वाटीत बसतो, त्याखालची मान बारीक असते, तीच मोडलीय, हे दाखवलं.

कारकून ओरडले, "ओसरी बाटवलीत! चालत्या व्हा!"

"अहो, आपण अंगातली सगळी हाडं घेऊनच देवघरात जाता ना?"

मी हलले नाही. मातोश्री कण्हत म्हणाल्या, "ओसरी उद्या सारवता येईल. पाय हिच्याच हाती द्या."

फळ्या बांधून आले. आता तिथे गोमूत्र शिंपडणं चाललं असेल. खुशाल शिंपडा! उद्या पाय बघायला जाताना तेच हाड सोबत नेणार आहे.

तुम्ही असता तर काय जपलं असतं, ओसरी की आई?