मास्तर आणि माझा चुकलेला कोपरा

कार्पेट उलटं पसरून, त्याच्या पाठीवर खडूने रेघा मारून कापायचं असतं, एवढं ज्ञान मला होतं. पाठीवर रेघा मारताना डावं-उजवं बदलतं, हे ज्ञान कापून झाल्यावर प्राप्त झालं. आमच्या बैठकीच्या खोलीत उजव्या कोपऱ्यात एक चौकोनी खांब आहे. त्याच्यासाठी दोन फूट बाय एक फुटाचा तुकडा मी मोठ्या रुबाबात कापून काढला, कार्पेट सुलटं केलं आणि पाहतो तो काय, खांब उजवीकडे आणि भगदाड डावीकडे! बरं, कापलेला तुकडा तरी धड ठेवावा? छे. तो खांबाभोवती बसतोय का हे बघण्याच्या नादात मी त्याच्याही चिंध्या केल्या.

हे कार्पेट आमच्या हिने सहा दुकानं पालथी घालून आणलं होतं. सकाळी बहिणीकडे जाताना ती बजावून गेली होती, "तुम्ही हात लावायचा नाही. बसवणारा माणूस बोलवायचा. मी संध्याकाळी येतेच." मी "हो" म्हणालो होतो. एकवीस वर्षांच्या संसारात माझं "हो" कधी चुकलेलं नाही. चुकतं ते त्याच्या पुढचं. आता तिने हे भगदाड पाहिलं असतं, तर उरलेल्या आयुष्यात मी नुसता पाना हातात घेतला तरी तिने न बोलता त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं असतं. म्हणून निमूटपणे मास्तरांना फोन लावला.

मास्तर म्हणजे मूळचे शिंपी. शिवणकाम का सोडलं, असं कुणी विचारलं की म्हणतात, "माणसं माप दिल्यावर सुटतात. खोली सुटत नाही." गेली तीस वर्षं ते कार्पेट बसवतात. पॅंटवर दोन्ही गुडघ्यांना चामड्याच्या गाद्या बांधलेल्या. बाकीचं जग माणसाला तोंडावरून ओळखतं, मास्तर पलंगाखालून ओळखतात. अमक्या डॉक्टरांची थोरवी सांगायला जावं, तर हे म्हणणार, "त्यांच्या कपाटाखाली अकरा मोजे निघाले. जोडी एकाची नाही." स्वतःच्या घरात मात्र उघडी फरशी. "सुट्टीच्या दिवशीही कामच बघत बसू का?"

आले. दारातच भगदाड पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"कुणी केलं?"

"झालं," मी म्हणालो.

"आपोआप?"

मास्तर खाली बसले, कार्पेटवरून तळहात फिरवून लव कुठल्या बाजूला झोपते ते पाहिलं आणि म्हणाले, "नशीब काढलंत. खांब चौकोनी आहे. उजवीकडचा तुकडा आता कापावाच लागणार. तो न फिरवता तसाच डावीकडे सरकवला की बसेल. लवही जुळेल."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. "मास्तर, हिला मात्र काही बोलू नका हं."

"मी आपणहून बोलत नाही. विचारलं तर खोटंही बोलत नाही. आता बाहेर व्हा."

"मी जरा टोक धरतो ना."

"घरमालक खोलीत असला की माझा हात चालत नाही. बाहेर!"

माझ्याच घरातून हाकललेला मी दाराच्या फटीतून बघत राहिलो. एक दातेरी लोखंडी अवजार कार्पेटमध्ये रुतवून मास्तर त्याला गुडघ्याने असे धक्के मारत होते, की प्रत्येक धक्क्याला कार्पेट शहाण्यासारखं भिंतीला जाऊन चिकटत होतं. जोड शेवटी. खाली गोंदाची पट्टी, तिच्यावरून इस्त्रीसारखं तापलेलं यंत्र, वरून रूळ, मग कुंचल्याने लव विंचरली. जोड गुप्त! मी फटीतून टाळी वाजवणार, तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. ही सांगितल्यापेक्षा लवकरच हजर.

चपला दारात काढून ती सरळ खोलीत गेली. खांबाकडे पाहिलं, भिंतीच्या कडा पाहिल्या, मग सावकाश डाव्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि तिथे थांबली.

"मास्तर," ती म्हणाली, "खरं सांगा. यांनी कुठे लुडबुड केली नाही ना?"

मास्तर यंत्राची वायर गुंडाळत होते. दोन वेढे जास्तच घेतले असतील.

"वहिनी, मी काम सुरू केल्यापासून साहेबांनी खोलीत पाऊल टाकलेलं नाही."

शब्दन् शब्द खरा! ही काही क्षण तिथेच उभी राहिली, एकदा माझ्याकडे बघून हसली. "छान बसलंय हो," म्हणाली आणि मास्तरांसाठी चहा टाकायला आत गेली.

चहा झाल्यावर मी मास्तरांची पिशवी उचलून त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. एवढं ओझं मी सासऱ्यांचंही कधी उचललं नव्हतं.

"मास्तर, जन्मभर तुमचे उपकार विसरणार नाही. जोड काय बेमालूम झालाय! सात जन्मांत तिला पत्ता लागणार नाही, काय?"

मास्तरांनी पिशवी माझ्या हातातून घेतली.

"जोड अजून गरम आहे, साहेब, आणि वहिनी अनवाणी त्यावरच उभ्या होत्या."