युसूफचा न धुतलेला रोल

लडाखच्या पोस्टिंगवर आमच्या फोटो सेक्शनचा एक नियम कडक होता. बाहेरून आणलेली फिल्मची डबी दोन तास उघडायची नाही. कडाक्याच्या थंडीतून आत बुखारीच्या, म्हणजे शेगडीच्या, उबेत आल्या आल्या झाकण काढलं, की फिल्मला घाम फुटतो आणि फोटो डागाळतात. मी हवालदार, नाईक युसूफ माझा जोडीदार. पनवेलचा कोकणी मुसलमान, जिभेने तिखट, कामाला चोख. त्याच पोस्टिंगच्या हिवाळ्यात पेट्रोलिंगवर असताना तो कोसळलेल्या हिमकड्याखाली गाडला गेला.

गेल्या महिन्यात त्याची बहीण रशीदाआपा माझ्या कामोठ्याच्या फ्लॅटवर आल्या. वेळ सकाळी दहा. हातात फिल्मची काळी डबी. युसूफची ट्रंक त्यांच्या अम्मींनी इतकी वर्षं कुणाला उघडू दिली नव्हती. आता नजर जात चालली, तेव्हा त्याच म्हणाल्या, उघडा. आत हा न धुतलेला रोल निघाला. कुणीतरी सांगितलं म्हणून आपांनी तो फ्रिजमध्ये ठेवला आणि तसाच उचलून आणला. डबीवर थेंब जमले होते.

"भाईजान, उघडा ना. अम्मीला अजून किती दिवस दिसेल, अल्लाह जाणे."

"बारा वाजता. तोवर हात लावायचा नाही."

"युसूफ खरं बोलायचा. एकदम खडूस आहात तुम्ही!"

मला हसू आलं. चहा झाला, पोहे झाले, आपांनी घड्याळाकडे वीस वेळा पाहिलं.

बाराला बाथरूममध्ये शिरलो. न धुतलेल्या फिल्मला उजेडाचा ठिपका लागला तरी फोटो जातात. मोबाइल आणि घड्याळ बाहेर, दाराच्या फटीला ब्लँकेट. डबीला हात लावण्याआधी पाच मिनिटं अंधारात नुसतं बसायचं. डोळे सरावले, की कुठून उजेड येतो ते दिसतं. दिसलं. गीझरचा लाल दिवा चालूच होता.

"सुमन, मेन स्विच ऑफ!" मी बायकोला ओरडून सांगितलं.

"ऑफ!"

"कन्फर्म?"

"अहो, पंखा बंद पडलाय, आपा घामाने भिजल्यात. आणखी काय कन्फर्म करू?"

ओपनरने रोलची टोपी उचकटली. फिल्म फक्त कडांना धरली. इतक्या वर्षांत ती घट्ट आवळली होती, जोर केला असता तर तडकली असती. चक्रीवर चढवताना दोनदा अडकली. सरळ सांगतो, मी घाबरलो होतो. तिसऱ्यांदा चढली. चक्री फिल्म धुण्याच्या टाकीत ठेवली, झाकण लावलं आणि हाक दिली, "लाइट ऑन!"

धुतलेल्या पट्टीत डोंगर होते, खेचरं होती, सेक्शनची पोरं होती, मी होतो. युसूफ नव्हता. कॅमेरा कायम त्याच्याच हातात असायचा.  शेवटून दुसऱ्या फोटोत तो सापडला, कुकहाउससमोर, चहाचा मग उंचावून हसताना. फोटो वाकडा होता, म्हणजे मीच काढलेला.

संध्याकाळी पनवेलला जाऊन स्कॅन केलेला तो फोटो लॅपटॉपवर मोठा करून अम्मींना दाखवला. स्क्रीनला नाक लावून त्या बराच वेळ बसल्या. मग माझ्याकडे वळून दरडावलं,

"किती सुकलाय माझा पोरगा! पोटभर जेवायला देत नव्हता काय तुम्ही?"

मी उठून सावधान उभा राहिलो.

"देत होतो, अम्मी. माझ्या वाटणीचंही तोच खायचा."