दोरीला बसलेले तीन झटके

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलेय. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय... पण मनात ठेवून झोप लागत नाही, म्हणून सांगते.

मी गटारांच्या कामात सेफ्टी सुपरवायझर आहे. माणूस चेंबरमध्ये उतरण्याआधी आत विषारी गॅस आहे का, ते बघणं माझं काम. मागच्या उन्हाळ्यात पापडीजवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये सांडपाण्याचा पंप अडकला होता. भर दुपार. पंप मेकॅनिक विल्सनदादा — पाचूबंदरचा, तोंडाला म्हणून विश्रांती नाही — कमरेला पट्टा बांधून तयार.

मी गॅस मीटर दोरीला बांधून आत सोडला. दोरी सैल पडली, म्हटलं तळ लागला. गॅस असता तर मीटर बोंबलला असता. तो गप्प होता.

"उतरू का ओ ताई? का पानी वर येयाची वाट बगू?"

"उतरा" म्हणणार, तेवढ्यात दोरीला झटका बसला. एक... दोन... तीन. चांगले जोरात.

आमच्याकडे एक झटका म्हणजे 'थांबा'. तीन म्हणजे 'मला वर ओढा'. आत उतरलेला माणूस असं सांगतो. पण आत कोणी उतरलंच नव्हतं!

"दादा, चेष्टा नको हं!" मी खेकसले.

"देवाची आन, मी नाय हात लावला." त्याचे दोन्ही हात पट्ट्यावरच होते. दोरी हलताना त्यानेही पाहिली होती.

टॉर्च मारला. मीटर तळाला पोचलाच नव्हता — मधल्या लोखंडी पायरीवर बसला होता. उचलून नीट खाली सोडला, तर तळाशी साचलेल्या गॅसने असा किंचाळला की वॉचमन धावत आला. दादा उतरला असता तर...

मीटर घसरला असेल म्हणतात लोक. अहो, तो पायरीवरच होता! आणि घसरणारी वस्तू तीनदा ओढते होय? दुसऱ्या दिवशी चेंबर उपसला, कॅमेरा सोडला. उंदीरसुद्धा सापडला नाही.

"कोनीतरी वाचवला मला," म्हणत दादा चर्चमध्ये मेणबत्ती लावून मोकळा झाला. मला नाही होता येत. पण वाचवायचंच असतं तर एक झटका पुरला असता ना... 'थांबा' म्हणून? ते तर 'मला वर ओढा' म्हणत होतं. आणि त्या दुपारी आम्ही मीटर तेवढा वर घेतला, आणि झाकण लावून टाकलं.