चवळीच्या उंचीचा तक्ता

माझी मुलगी तिसरीत होती तेव्हाची ही गोष्ट. त्याला दोन वर्षं झाली, पण दर शनिवारी मुलगी शाळेतून आली की मला ही गोष्ट आठवते.

शनिवारी सकाळची शाळा सुटताना तिच्या बाई प्रत्येक मुलाच्या हातात अर्ध्या पानाची झेरॉक्स द्यायच्या. वर लिहिलेलं असायचं, ‘घरच्यांबरोबर करून बघू’. खाली एखादं सोपंसं काम. घरातल्या वस्तू वितीनं मोजा. आईबरोबर भाकरी थापा. आपल्या गल्लीतली झाडं मोजा. ते करायचं, करतानाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायचा आणि दोन ओळी लिहून सोमवारी द्यायच्या.

मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. बायको एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, तिच्या ड्युट्या बदलत्या. त्यामुळे ही कामं माझ्याकडे आली. पहिलं काम आम्ही मनापासून केलं. पलंग बारा विती भरला म्हणून मुलगी केवढी खूश झाली होती. दुसऱ्या शनिवारी माल निघायचा होता. तिसऱ्या शनिवारी तसं काही कारण नव्हतं, कंटाळा आला होता. चौथ्या शनिवारचा कागद आला, त्या रविवारी मी साचलेल्या दोन आठवड्यांची कामं आणि नवं काम, अशा तिन्हींचे फोटो अर्ध्या तासात उरकले. एका फोटोत परात, एकात झाड, एकात पुस्तक. प्रत्येक फोटोला मी तिला फ्रॉक बदलायला लावला आणि ‘हास की जरा’ म्हणालो. मग मी दर आठवड्याला त्यातला एकेक फोटो ग्रुपवर टाकला. इतर पालकांचे अंगठे आले. पुढच्या महिन्यात मी मोबाइल हातात घेतला, तर ती न सांगता दुसरा फ्रॉक घेऊन आली. तेव्हा मला तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हे लिहायला जड जातं.

मग चवळीचं काम आलं. चवळीचे चार दाणे मातीत पेरायचे आणि पंधरा दिवस, एक दिवसाआड, रोपाची उंची मोजून तक्त्यात लिहायची. मुलीनं पाण्याची बाटली मागून घेतली, ती मला कापायला लावली आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून माती आणून भरून ठेवली. दाणे तिच्या कंपासपेटीत होते. पेरायचं मात्र दोघांनी मिळून, असं कागदावर लिहिलं होतं, म्हणून ती थांबली होती.

“पप्पा, आज पेरायचं?”

“उद्या पेरू.”

असे किती उद्या गेले ते मी मोजले नाहीत. शेवटच्या रविवारी ती कोरा तक्ता घेऊन माझ्यासमोर बसली. मी म्हटलं, “लिही. पहिले दोन रकाने शून्य. मग एक सेंटिमीटर. मग तीन.”

तिनं पेन्सिल उचलली, पण टेकवली नाही. “पण आपण पेरलंच नाही की.”

“पेरलं असतं तर एवढंच आलं असतं ना? मग झालं तर.”

तिनं लिहिलं. पंधराव्या दिवशी चौदा सेंटिमीटर. “पानं किती लिहू?” तिनं विचारलं. मी म्हटलं, चार.

कागदाच्या तळाला बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ती मी वाचलीच नव्हती. सोमवारी रोप वर्गात घेऊन यावे.

सोमवारी काय झालं ते घरी आम्हाला कळलं नाही. ती नेहमीसारखी आली, जेवली, खेळायला गेली. दोन दिवसांनी शाळेतून फोन आला, जमलं तर शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी येऊन जा.

मी गेलो. मुलं मैदानात होती, वर्ग रिकामा. खिडकीत ओळीनं डबे, करवंट्या, कापलेल्या बाटल्या आणि त्यांत चवळीची रोपं. कुठलं वाकडं, कुठलं पिवळं पडलेलं. बाईंनी मला पुढच्या बाकावर बसायला सांगितलं आणि तिचा तक्ता समोर ठेवला.

“तिला रागावू नका,” त्या म्हणाल्या. “रोप कुठंय विचारल्यावर तिनं स्वतःहून कबूल केलं, सगळ्या वर्गासमोर. ‘मी एकटीनंच मनानं आकडे लिहिले, पप्पांना माहीत नव्हतं,’ असं म्हणाली. रडली नाही. या वयात मुलं असं करतात कधीकधी. तुम्ही एवढा वेळ देता तिला, फोटो बघते मी. म्हणून म्हटलं, तुमच्या कानावर घालावं.”

तेव्हा बोलायला हवं होतं. समोर एकच माणूस होता आणि एकच वाक्य सांगायचं होतं. मी तक्ता हातात घेतला, थोडा वेळ बघितला आणि म्हणालो, “हो का? बोलतो मी तिच्याशी, मॅडम.”

लेकराची चूक बापानं समजून घ्यावी, तसा माझा आवाज होता. तो मला अजून ऐकू येतो.

मुलगी फाटकाशी उभी होती. मला बघून तिनं पहिलं विचारलं, “बाई तुम्हाला रागावल्या?”

“नाही.”

“मी सांगितलं नाही त्यांना.”

“का नाही सांगितलंस?”

“मोठ्या माणसांना वर्गात उभं केलं तर कसं दिसतं?”

मी तिला गाडीवर बसवलं. घरी जाताना जुळे सोलापूर भागात एका दुकानासमोर थांबून आइस्क्रीम घेतलं. तिनं कप हातात धरून विचारलं, “हे कशाबद्दल?” “खा, वितळेल,” मी म्हटलं. तिनं ते शहाण्यासारखं संपवलं.

बायको ड्युटीवरून आल्यावर तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. पण ती म्हणाली, “ते तीन फोटो मी ग्रुपवर बघितले होते. तिन्हींत मागं तीच ओली चादर वाळत होती. मला कळलं होतं. मीच बोलले नाही.”

सोमवारी अर्धी रजा टाकून मी शाळेत गेलो आणि बाईंना खरं सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, विषय संपला. पण त्या हळूच म्हणाल्या, “तिनं वर्गासमोर सांगितलं होतं ओ.”

म्हणून मी तिसरीच्या वर्गासमोर उभा राहिलो. चाळीसएक पोरं बघत होती. मी म्हटलं, तो तक्ता मी सांगून लिहून घेतला, ती नको म्हणत होती, चूक माझी आहे. कोणी हसलं नाही. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. “काका, तुम्हाला वेळ नव्हता का?”

मी हो म्हणणार होतो. “होता,” मी म्हटलं. “रोज थोडा होता.”

माझी मुलगी तिसऱ्या बाकावर वहीत पट्टीनं रेघा मारत होती. तिनं वर बघितलं नाही.

मला वाटलं होतं, घरी आल्यावर ती गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. दप्तर टाकून ती म्हणाली, “वर्गात कशाला आलात? मी सांगितलं होतं की. आता सगळे मला परत विचारायला लागलेत.” आणि आत गेली. तिच्या दृष्टीनं तिनं ते प्रकरण मिटवलं होतं. मी माझ्या मनाचं ओझं उतरवायला तिथं गेलो आणि तिचं वाढवून आलो.

पुढं बाईंनी ग्रुपवर फोटो टाकायला लावणं बंद केलं. कागद मात्र दर शनिवारी येत राहिला. पुढच्या प्रत्येक कामाला ती आईच्या ड्युट्या विचारून घ्यायची, आईबरोबरच करायची. मी आपणहून म्हटलं तर ‘बघू’ म्हणायची.

दोनेक महिन्यांनी ‘शेजाऱ्यांच्या भाषेतले पाच शब्द’ असं काम आलं आणि बायको नेमकी ड्युटीवर होती. खालच्या मजल्यावरच्या आजी कानडी बोलतात. जाताना जिन्यात मुलगी म्हणाली, “पप्पा, तुम्ही नुसतं बसा. मी विचारते.”

मी नुसता बसलो. आजींनी नीरु म्हणजे पाणी, मने म्हणजे घर, ऊट म्हणजे जेवण असे शब्द सांगितले, प्रत्येकाबरोबर त्यांच्या अक्कलकोटकडच्या गावची एकेक गोष्ट सांगितली, आम्हाला चुरमुरे दिले. मोबाइल खिशात वाजला, मी काढला नाही. पाच शब्दांना तास लागला. एक शब्द तिनं चुकीचा लिहिला. तो मी दुरुस्त केला नाही, आजींनीच केला.

बाईंनी आता कागदावर एक नवा रकाना केला होता, ‘किती वेळ लागला’. तिनं मला विचारलं, “पप्पा, किती वाजले?” मी घड्याळ बघून सांगितलं, सहा वाजून दहा मिनिटं.

तिनं मान डोलावली, उठली, आजींच्या भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभी राहिली, काटे नीट बघितले, आणि मगच लिहिलं.