चौकोनाबाहेरचे दाजी

मोठ्यानं बोलणारी माणसं मला सहन होत नाहीत. असं असून सगळा जन्म कोल्हापुरात गेला, आता बोला! पण कोल्हापुरातही दाजींच्या आवाजाला तोड नव्हती. कारखान्यातल्या भट्टीच्या घरघराटावर आवाज काढून काढून त्यांचा गळाच तसा झाला होता. ते एखादी गोष्ट हळूच सांगायला लागले की आमची राजारामपुरीतली अख्खी गल्ली ती ऐकायची. माझ्या इंग्रजीच्या वर्गात एका संध्याकाळी त्यांनी 'माझा आवडता छंद' या विषयावर बोलून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाला मला म्हणाला, "मॅडम, त्या पावण्यांचं इंग्लिश लई सुधारलंय की."

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत मी परदेशी जाणाऱ्यांना इंग्रजी शिकवते. व्हिसासाठी जी परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी करून घेते. येणारी मुलं विशी-पंचविशीतली. कुणी कॉम्प्युटरवाला, कुणी डिप्लोमा झालेला, कुणी नर्स. हातात डिग्री घेऊन इथं हिंडून दमलेली असतात बिचारी. त्यांच्यात हे एकटेच चाळिशी उलटलेले, मेटलर्जीचे, म्हणजे धातुशास्त्राचे, बी.ई., नखांत काळी वाळू आणि कपड्यांना जळका वास. पहिल्याच दिवशी, त्यांच्या कारखान्यात पूर्वी काम केलेला एक जण बाकावरून उठला आणि म्हणाला, "या की दाजी, हितं बसा." झालं! आठवड्याभरात सगळा वर्ग त्यांना दाजी म्हणायला लागला आणि मीसुद्धा. ते खरोखरच कारखान्याच्या मालकांच्या बहिणीचे, सुनंदाताईंचे, यजमान होते. मालक, म्हणजे आण्णा, त्यांना दाजी म्हणायचे म्हणून फोरमनही दाजी म्हणायचा, वॉचमनही म्हणायचा आणि वाळू घेऊन येणारा ट्रकवालाही. रजिस्टरमध्ये त्यांचं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं.

"आपलंच हाय" हे त्यांचं पालुपद. दारात उभी असलेली गाडी कुणाची विचारलं, तर आपलीच हाय. उद्यमनगरातलं स्पेअर पार्टचं दुकान कुणाचं, तर आण्णांच्या मित्राचं, म्हणजे आपलंच हाय. वर्गात नाव घालताना मी त्यांना रीतीप्रमाणे विचारलं होतं, नोकरी कुठं करता?

"नोकरी कसली मॅडम? शिरोलीला फौंड्री हाय, आपलीच."

"म्हणजे मालक तुम्ही?"

"छ्या! मालक आण्णा."

"मग तिथं तुम्ही कोण?"

दाजी हसून म्हणाले, "मी हाय की."

शिक्षण संपलं तेव्हा त्यांची पुण्यात नोकरी ठरली होती, लग्नही नुकतंच झालं होतं. तेवढ्यात सासरे अचानक गेले. आण्णा तरणे, कारखाना लहान, भट्टीतून निघणारा निम्मा माल गिऱ्हाइकाकडून परत येत होता. दाजी जरा हातभार लावतो म्हणून आले आणि तिथंच मुरले. कुठल्या कास्टिंगला कुठला धातू, साच्यात तो कुठून सोडायचा, कुठं भेग पडेल, हे सगळं ते बघायला लागले. माल परत येईनासा झाला. पुढं गिऱ्हाईक आण्णांना भेटून दाजींशी बोलायला लागलं.

आता आण्णांना कुणी दुष्ट म्हणेल, तर मला ते चालायचं नाही. दाजींच्या घरावर मजला चढवला तो आण्णांनी, मुलीला चांगल्या शाळेत घातलं ते आण्णांनी. दाजींना कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात उशापाशी बसून राहिलेला माणूस तो. पगार तेवढा त्यांनी कधी दिला नाही. घरच्या माणसाला पगार देणं म्हणजे त्याला नोकरांत जमा करणं, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं. लागेल ते घ्या, विचारू नका, अशी रीत. आणि खरं सांगायचं तर दाजींनाही कितीतरी वर्षं तेच बरोबर वाटत होतं.

मग परदेशी गिऱ्हाईक आलं. परदेशी गिऱ्हाईक आलं की कारखान्याची तपासणी येते आणि तपासणीला भिंतीवर तक्ता लागतो, कोण कुणाच्या हाताखाली याचा. मालकापासून झाडूवाल्यापर्यंत प्रत्येकाचा एकेक चौकोन. तपासणीच्या साहेबानं विचारलं, धातूत काय किती घालायचं हे कोण ठरवतं? सगळ्यांनी दाजींकडं बोट दाखवलं. साहेब तक्त्यापाशी गेला, वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. दाजींचा चौकोनच नव्हता. आण्णा हसून म्हणाले, दाजींना चौकोनात कसं बसवायचं, घरचं माणूस ते! साहेबाला काही हसू आलं नाही. त्यानं आपल्या अहवालात कारखान्यातली उणीव म्हणून ते लिहून टाकलं.

"मॅडम, त्यानं मला दोषात लिवलं," हे सांगताना दाजी मोठ्यांदा हसत होते. वर्गही हसत होता. मला मात्र हसू येईना.

त्या दोषावर तोडगा निघाला तो असा. आण्णांचा मुलगा नुकताच इंजिनिअर होऊन आला होता, त्याचं नाव चौकोनात लिहिलं. आणि साहेबानं पुन्हा कुणाला विचारू नये म्हणून दर तपासणीच्या दिवशी दाजींना नृसिंहवाडीला दर्शनाला पाठवायचं ठरलं. गाडी आण्णांची, ड्रायव्हर आण्णांचा, सगळं मानानं. दाजी येताना वर्गासाठी कवठाची बर्फी आणायचे. पोरांना काय, बर्फी मिळाली की खूश! पुढची तपासणी कधी, असं ती स्वतःच विचारायला लागली. एकदा बर्फीचा बॉक्स टेबलावर ठेवताना दाजी म्हणाले, "देव काय रागवत न्हाय मॅडम. पण त्याच्यापुढं उभा ऱ्हायलो की मागायचं काय, त्येच कळंना झालंय."

माझ्या वर्गात ते आले होते, ते त्यांच्या हाताखाली तयार होऊन ऑस्ट्रेलियाला गेलेल्या एकानं फोन केला म्हणून, की इकडं धातूतलं कळणारी माणसं हवी आहेत, सर, तुम्ही अर्ज करा. तो त्यांना सर म्हणाला, हे दाजींनी मला दोनदा सांगितलं. चौकोनात बसलेल्या भाच्यावर त्यांचा राग नव्हता, "पोरगं गुणाचं हाय" असंच म्हणायचे. त्यांना एकदा, म्हातारं व्हायच्या आत, कुठंतरी आपल्या नावानं कामावर जायचं होतं. एवढंच. अशी साधी इच्छा पुरी करायला माणसाला समुद्र ओलांडावा लागतो, याचा मला संताप यायचा.

परीक्षेत 'तुमच्या कामाबद्दल सांगा' हा प्रश्न हमखास असतो. छंदावर गल्ली दणाणून सोडणारा हा माणूस या प्रश्नाला गप्प व्हायचा. बोललेच तर "आम्ही हे बनवतो, आम्ही ते बनवतो." मी चिडून म्हणायची, "आम्ही कोण? तुम्ही काय करता ते सांगा. 'मी' म्हणा." ते खाली बघत म्हणायचे, "ओतकाम एकट्याचं नसतंय मॅडम." शेवटी त्यांना 'मी' म्हणायची सवय लावता लावता माझा घसा बसला. पण परीक्षा झाली आणि वर्गातल्या सगळ्या तरण्या पोरांपेक्षा त्यांना जास्त गुण मिळाले.

पुढचा मुक्काम कागदपत्रांचा. व्हिसाचं काम बघणाऱ्या सल्लागारानं सांगितलं, आधी अनुभवाचं पत्र आणा, बाकीचं पुढं बघू. कारखान्याच्या लेटरहेडवर हुद्दा, काम आणि पगार लिहून मालकाची सही हवी. ते नसेल तर तुम्ही म्हणजे नुसती डिग्री घेऊन वीस वर्षं घरी बसलेला माणूस. आणि घाई करा, पंचेचाळिसावा वाढदिवस झाला की दार बंद. दाजींना तेव्हा पंचेचाळिसावं सरत आलं होतं. वर्गातल्या एकानं सुचवलं, दुसऱ्या कारखान्याचं पत्र मिळवून देतो, सही-शिक्क्यासकट. दाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "खोटं पत्र कशाला रं? काम खरं केलंय की मी."

त्यांनी आण्णांकडं शब्द टाकला. त्या रविवारी आण्णा माझ्या घरी हजर. चहा घेतला नाही.

"मॅडम, तुम्ही आमच्यातलं माणूस फोडाय लागलाय."

"मी इंग्रजी शिकवते आण्णा. तुम्हाला फक्त एक पत्र द्यायचंय."

"काय लिवू त्यात? माझ्या बहिणीचा मालक माझ्याकडं नोकर हाय म्हणून? पै-पावण्यांत आजवर भागीदार म्हणून सांगत आलोय त्यास्नी."

"मग भागीदार करा."

आण्णा माझ्याकडं बघतच राहिले. "कागदावर?"

"हो, कागदावर."

"घरातल्या घरात कागद कशाला करत्यात मॅडम?" ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मला ते पाणी बघून जास्तच राग आला. माणूस खोटं बोलत असता तर भांडता आलं असतं.

दाजींनी पुन्हा विषय काढला नाही. ऑस्ट्रेलियाचं दार पंचेचाळिशीला बंद होतं, हे त्यांनी घरात सांगितलं नव्हतं आणि मलाही सांगू दिलं नाही. म्हणाले, "घरात कळलं तर ही भावाशी भांडाय जाईल. तिला माहेर एकच हाय." श्रावणात त्यांचा वाढदिवस झाला. परीक्षा झाली तरी ते मला मदत करायला वर्गात यायचे; त्या संध्याकाळीही नेहमीसारखे आले, पोरांकडून परीक्षेची तयारी करून घेतली, आणि चपला घालताना म्हणाले, "आजपासनं म्हातारा झालो की ओ मी." पत्र अडलंय आणि नवरा महिनोन्महिने गप्प गप्प आहे, एवढंच सुनंदाताईंना कळत होतं. भाऊबीजेला आण्णा ओवाळून घ्यायला बसले. ताटात ओवाळणी टाकायला त्यांनी खिशात हात घातला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आण्णा, यंदा पैसं नकोत, साडी नको. ह्यांचं पत्र घाल ताटात." बहिणीनं ताट पुढं धरून मागितल्यावर भाऊ काय करणार? दोन दिवसांनी आण्णा स्वतः पत्र घेऊन दाजींच्या घरी गेले.

ते पत्र दाजी मला दाखवायला घेऊन आले. "इंग्लिश बरोबर हाय का बघा मॅडम. भाच्यानं लिवलंय." मी वाचलं. वीस वर्षं आमचे मेटलर्जिस्ट, आमच्या नावानं बाहेर गेलेल्या प्रत्येक कास्टिंगमागं यांचं ज्ञान आहे, यांच्याशिवाय हा कारखाना उभा राहिला नसता. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. दाजींनी तो कागद परत घेतला, चष्मा लावून पुन्हा एकदा सावकाश वाचला आणि म्हणाले, "एवढं केलंय व्हय मी!"

"आण्णांना सांगितलंत? वेळ गेली म्हणून?"

"न्हाय. जाऊ वाटंना झालंय, असं सांगितलं. गळ्यात पडून रडलं ओ ते माणूस. आता त्याला काय सांगायचं?"

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका सकाळी दाजी घरीच चहा घेताना गेले. हृदयाचा झटका. वय काहीच नव्हतं.

कारखान्यात शोकसभा ठेवली होती. भट्ट्या बंद होत्या, कामगार वाळूतच बसले होते. मी सुनंदाताईंच्या शेजारी बसले. आण्णा बोलायला उभे राहिले. "ऑस्ट्रेलियानं पायघड्या घातल्या हुत्या आमच्या दाजींना. मी सोताच्या हातानं पत्र दिलं, जावा म्हटलं. पण ते माणूस म्हणालं, आण्णा, घर सोडून मला जाऊ वाटंना." त्यांना हुंदका आवरेना. कामगारही डोळे पुसायला लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी उठणार, तेवढ्यात सुनंदाताईंनी माझं मनगट धरलं.

"मला म्हाईत हाय मॅडम," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "पत्र आलं त्याच दिवशी पोरीनं मोबाईलवर वयाचा नियम काढून दाखवला. ह्यांना मी कळू दिलं न्हाय, मला कळलंय म्हणून." माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. "आण्णाला न्हाय सांगायचं. त्याला उद्या हितंच यायचं हाय, ह्यांच्या माघारी."

आण्णांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, तुमचेबी विद्यार्थी ते. चार शब्द बोला."

मी उभी राहिले. आयुष्यभर वर्गावर बोलले, पण त्या दिवशी दोनच वाक्यं. एवढंच म्हणाले, "दाजी मेटलर्जिस्ट होते. वीस वर्षं त्यांनी या कारखान्यात नोकरी केली."

आण्णा मला समजावल्यासारखे हळूच म्हणाले, "नोकरी नव्हं ओ मॅडम. घरचं माणूस हुतं ते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली बसले.